रत्नांवरील कोरीव लेख आणि आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज येथे बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. सुवर्णकारांच्या मेळाव्यात सोन्याविषयी बोलणे म्हणजे काशीकरांस गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. म्हणून सोने आज बाजूस ठेवून, आपण घडविलेल्या कोंदणात जे विराजमान होते त्या रत्नाविषयी, आणि त्यातही रत्नाच्या अंगावर अक्षरे व आकृती कोरण्याच्या कलेविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. या कलेचा आपल्या व्यवसायाशी निकटचा संबंध आहे. तथापि आपल्या घरांतून तिची चर्चा फारशी ऐकू येत नाही. ती का व्हावी, हे भाषणाच्या अखेरीस आपोआप ध्यानात येईल अशी आमची अपेक्षा आहे.

रत्नावर दोन प्रकारे काम करता येते. पहिल्या प्रकारात आकृती पृष्ठभागाच्या खाली खोल कोरली जाते. असे रत्न मऊ मेणावर किंवा लाखेवर दाबले असता आकृती उठून दिसते. मुद्रेच्या अंगठीतील खडा तो हाच. दुसऱ्या प्रकारात आकृतीभोवतीचा दगड काढून टाकून आकृतीच उठावाने ठेवली जाते. ज्या दगडात पांढरे व तांबूस असे थर एकावर एक असतात, त्यात हे दुसरे काम विशेष शोभते. कारण कुशल कारागीर वरच्या थराची आकृती आणि खालच्या थराची भूमी करून दगडाच्या निसर्गदत्त रंगांनीच चित्र रंगवितो. रोमन साम्राज्यातील अशा कामाचा एक प्रख्यात नमुना ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे आहे. त्यात सम्राट ऑगस्टस सिंहासनस्थ दाखविला असून तो दगड सुमारे तेवीस सेंटिमीटर रुंदीचा आहे.

मुद्रेसाठी कोरावयाचे झाल्यास अक्षरे उलटी कोरावी लागतात, म्हणजे ठसा सुलटा उमटतो. आपल्यापैकी ज्यांनी ठसे खोदले आहेत त्यांस हे सांगणे न लगे. ठशाच्या पोलादावर छिन्नी चालते, रत्नावर ती चालत नाही, एवढाच काय तो भेद. परंतु त्या एका भेदातूनच ही सारी कला निर्माण झाली आहे.

फ्रीड्रिख मोस नामक जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाच्या दहा पायऱ्या ठरविल्या. त्यांत स्फटिक व अकीक सातव्या पायरीवर, लालडी आठव्या, माणिक व नीलम नवव्या आणि हिरा दहाव्या पायरीवर आहे. चांगले पोलाद या हिशेबात अकीकाच्याही खाली राहते. मग अकीकावर अक्षर उमटते कसे? त्याचे रहस्य असे, की दगड हत्याराने कापला जात नाही. तो भुकटीने कापला जातो. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या बारीक दांड्याच्या टोकास चिमुकली चकती असते. त्या चकतीस तेलात कालविलेली कुरुंदाची किंवा हिऱ्याची पूड लावतात. दांडा कमानीच्या दोरीने फिरवावयाचा आणि लाखेने काठीवर पक्का बसविलेला खडा त्या फिरत्या चकतीस हलकेच टेकवावयाचा. धातू मऊ असल्यामुळे पुडीचे कण तिच्यात रुतून बसतात आणि तेच कण दगड झिजवितात. चकत्या अनेक आकारांच्या असतात. एकीने रेघ ओढतात, दुसरीने खोलगट भाग काढतात, तिसरीने केवळ बिंदू देतात. मधून मधून खडा मेणावर दाबून ठसा पाहावा लागतो. कारण तेल आणि चिखल यांच्याखाली आपण काय कोरीत आहोत हे धड दिसत नसते. येथे हाताचा अंदाज हाच खरा डोळा होय.

कुरुंदाविषयी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. या खनिजाचे जे नाव आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत रूढ आहे, ते मूळचे आपल्या देशातील होय. तमिळ ‘कुरुंदम्’ आणि संस्कृत ‘कुरुविंद’ या शब्दांशी त्याचे नाते आहे. आपल्या बोलीतही अशा कितीतरी खुणा आहेत. गडावरून खाली उतरलेल्या गवळणीमुळे आपणांस माहीत असलेला ‘हिरकणी’ हा शब्द मुळात हिऱ्याच्या बारीक कणीचा वाचक आहे, आणि हिऱ्यावर रेघ ओढावयाची तर ती कणीच हवी. हिऱ्याने इतर सर्व रत्नांवर रेघ उठते, पण हिऱ्यावर त्यांपैकी एकाचीही उठत नाही, हे आपल्या प्राचीन रत्नपरीक्षाकारांस पूर्णपणे अवगत होते.

आता या कलेची प्राचीनता पाहू. सिंधु संस्कृतीच्या मुद्रा सर्वांस चित्रांतून परिचित आहेत. त्यांपैकी बहुतेक शंखजिऱ्याच्या, म्हणजे अगदी मऊ दगडाच्या आहेत. कोरून झाल्यावर त्या भाजून टणक केल्या जात. गुजरातेतील लोथल येथे सापडलेल्या मातीच्या ठशांच्या मागील बाजूस कापडाच्या आणि दोरीच्या खुणा उमटलेल्या आहेत. म्हणजे चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडील व्यापारी मालाच्या गाठोड्यांवर मोहर करून माल पाठवीत होते. त्याच काळातील कारागीर अकीकाच्या लांबट मण्यांना आरपार वेज पाडीत. त्यांची कठीण दगडी सामत्याची टोकेही उत्खननांत मिळाली आहेत.

महाराष्ट्राचा उल्लेखही या व्यापारात फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातील बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. त्यात तो सांगतो, की पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांवर लादून मोठ्या प्रमाणात भडोच बंदरास येतात, आणि तगर म्हणजे आपल्या तेर गावाहून कापड येते. ज्या दगडांवर पश्चिमेचे कारागीर देवदेवता आणि सम्राट कोरीत होते, त्याच जातीचे दगड गोदातीराहून भडोचच्या धक्क्यावर जात होते, ही गोष्ट आपणांस अभिमानास्पद खरी. परंतु तिच्यात थोडी बोचही आहे. दगड येथून जात होता, आणि जे नामांकित झाले ते कोरणारे हात तिकडचे होते.

वाङ्मयात मुद्रेची अंगठी पदोपदी भेटते. रामायणात श्रीरामचंद्र आपल्या नावाने अंकित अंगठी हनुमंताजवळ देतात. शाकुंतलात दुष्यंताच्या नावाची अंगठी हरवते आणि सारे कथानक फिरते. विशाखदत्ताच्या नाटकाचे तर नावच ‘मुद्राराक्षस’. अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती पडते आणि एका राज्याचे भवितव्य ठरते. मराठी दप्तरांत पत्राच्या आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब होत असे, आणि आपण आजही एखादी गोष्ट पक्की झाली म्हणजे तिच्यावर ‘शिक्कामोर्तब झाले’ असे म्हणतो. मुद्रा म्हणजे शब्दाला दिलेला जामीन होय.

असे असूनही माणिक, पाचू, हिरा या महारत्नांवर अक्षर कोरण्याची चाल आपल्या जुन्या परंपरेत फारशी रुजली नाही. याचे एक कारण आमच्या मते आपल्या रत्नशास्त्रातच आहे. बिंदू, काकपद, त्रास यांच्याबरोबर ‘रेखा’ हाही रत्नाचा दोष मानला गेला आहे. ज्या रत्नात रेघ आहे ते सदोष, ही बुद्धी जवाहिऱ्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या मनात खोल रुजलेली. मग मुद्दाम रेघ पाडण्यास कोण धजणार? शिवाय कोरल्याने वजन घटते, आणि वजन घटले की मोल घटते.

तुर्की व इराणी राजांची दृष्टी याहून निराळी होती. त्यांच्या लेखी रत्नावरील नाव म्हणजे त्याच्या कुळाचा दाखला. नाव चढले म्हणजे रत्नाची योग्यता वाढली. तैमूरच्या वंशात लालडीवर राजाचे नाव कोरण्याची प्रथा होती, आणि ती मोगलांबरोबर हिंदुस्थानात आली. अशा लेखांतील अक्षरे सुलटी असतात. कारण ती ठसा उमटविण्यासाठी कोरलेली नसून वाचण्यासाठी कोरलेली असतात. अबुल फजल याने ‘ऐन-इ-अकबरी’त बादशाही मुद्रांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात तो कारागिरांची नावे देतो: हेरातचा मौलाना मकसूद, काबूलचा तमकीन, काबूलचाच मीर दोस्त, दिल्लीचा मौलाना अली अहमद. मौलाना इब्राहीम नावाचा कोरक्या बादशहाच्या खजिन्यातील मोलाच्या लालड्यांवर ‘लाल जलाली’ अशी अक्षरे कोरीत असे, हेही तेथे नमूद आहे.

जहांगीर बादशहाने तर आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत स्वतः लिहिली आहे. १६२१ च्या सुमारास इराणच्या शाह अब्बासाने त्यास एक लालडी नजर केली. तिच्यावर तैमूरचा नातू उलुघ बेग याचे नाव होते. जहांगीराने आपल्या सोनारखान्याचा प्रमुख सईदा यास आज्ञा केली, की तिच्या दुसऱ्या कोपऱ्यात आमचे व आमच्या पित्याचे नाव सालासह कोरावे. पुढे दख्खनच्या विजयाची वार्ता आली तेव्हा ती लालडी त्याने राजपुत्र खुर्रम यास पाठविली. आम्हांस या हकीकतीत सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी गोष्ट: बादशहाने कारागिराचे नाव लिहून ठेवले.

आता आपल्या महाराष्ट्रातील एका हिऱ्याकडे वळू. ‘शाह’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा हिरा सुमारे ८८.७ कॅरट वजनाचा असून आज मॉस्को येथे क्रेमलिनमधील रत्नभांडारात आहे. त्याच्या तीन बाजूंवर तीन लेख आहेत. पहिला लेख अहमदनगरचा बादशहा दुसरा बुऱ्हाण निजामशाह याच्या नावाचा असून त्यावर हिजरी सन १०००, म्हणजे इ. स. १५९१-९२ हे साल आहे. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, आणि १६४१ साली याच हिऱ्यावर शाहजहानचे नाव चढले. त्यानंतर हिरा इराणात गेला व १८२६ च्या सुमारास तेथील फतेअली शाहाचे नाव त्यावर कोरले गेले. १८२९ साली तेहरान येथे रशियन वकील ग्रिबोयेदोव याची जमावाने हत्या केली, तेव्हा झारचा कोप शांत करण्यासाठी इराणच्या शाहाने आपल्या नातवाबरोबर हा हिरा रशियास पाठविला. जे अहमदनगर शहर २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखले जाते, त्याच्या राजाचे नाव असे मॉस्कोच्या भांडारात सव्वाचारशे वर्षांनंतरही वाचता येते.

हिऱ्यावर अक्षर कोरणे म्हणजे काय, याचा आपण कारागिराच्या दृष्टीने विचार करावा. हिऱ्याहून कठीण असे काहीच नाही. म्हणून हिऱ्याच्याच पुडीने हिरा झिजवावयाचा. पुन्हा हिरा सर्व दिशांनी सारखा कठीण नसतो. एका दिशेने पूड थोडी तरी लागते, दुसऱ्या दिशेने मुळीच लागत नाही. आणि ज्या चार दिशांनी तो फुटतो, त्यांपैकी एखाद्या दिशेने चुकीचा धक्का बसला तर राजाचे रत्न आणि कारागिराचे प्राण दोन्ही एकदमच जावयाचे. वीज नाही, भिंग असलेच तर साधे. अशा स्थितीत तीन सेंटिमीटर लांबीच्या हिऱ्याच्या बाजूवर फारसी लिपीची ती वळणदार अक्षरे उमटली. ती उमटविणारा कोण होता? तो अहमदनगरचा होता, की इराणातून आला होता? हिऱ्यावर तीन राजांची नावे आहेत, कारागिराचे एकही नाही.

पाचूंच्या बाबतीतही तसेच. स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाच्या खाणींतून पाचू आणले, आणि त्यांचा मोठा वाटा पोर्तुगीजांच्या गोव्यामार्गे हिंदुस्थानच्या दरबारांत पोहोचला. त्यांपैकी एक २१७.८० कॅरटचा आयताकृती पाचू २००१ साली लंडन येथे लिलावात विकला गेला. त्याच्या एका बाजूस शिया पंथाची प्रार्थना आणि हिजरी ११०७, म्हणजे इ. स. १६९५-९६ हे साल असून दुसऱ्या बाजूस फुलापानांची सुरेख नक्षी आहे. पाचू हे रत्न ठिसूळ. त्यात जन्मतःच चिरा असतात. त्या चिरा चुकवीत पाकळी कोरणारा हात किती स्थिर असेल! पण त्याही हाताचे नाव त्या रत्नावर नाही.

प्राचीन पश्चिमेत मात्र निदान काही कारागिरांस हे भाग्य लाभले. ऑगस्टस सम्राटाची मुद्रा कोरणारा डायोस्कुरिडीस याचे नाव रोमन ग्रंथकारांनी लिहून ठेवले, आणि त्याने स्वतःही आपल्या कामावर सही केली. दोन हजार वर्षांनंतर आज त्याचा हात ओळखता येतो तो त्यामुळेच.

आपल्या परंपरेत असे कोणी नाही काय? आहे. पंढरीच्या नरहरी सोनारांनी घडविलेला एखादा दागिना आज कोणी दाखवू शकणार नाही. परंतु बागेसरी, मूस, हातोडा ही आपली रोजची हत्यारे त्यांनी अभंगात नेली आणि अभंगाच्या शेवटी आपले नाव ठेवले. अभंगातील या नावास आपण काय म्हणतो? नाममुद्रा! मुद्रेचा हा अर्थ आपल्या संतांनीच आपणांस शिकविला आहे. जे आपण केले त्याखाली आपले नाव ठेवणे म्हणजे अहंकार नव्हे. ती त्या कामाची जबाबदारी घेणे होय.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. जातीच्या व्यासपीठावर उभे राहिले, की जगातील प्रत्येक कला आपल्याच पूर्वजांची होती असे म्हणण्याचा मोह होतो. रत्नावरील खोदकामाविषयी तसे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ज्यांची नावे उपलब्ध आहेत ते हेरातचे, काबूलचे, इराणचे आणि दिल्लीचे होते. अकीकाचे काम खंबायतेस आजही हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांची घराणी करतात, आणि रंगीत रत्नांच्या कामाचे आजचे मोठे केंद्र जयपूर आहे. आपल्या ज्ञातीचा वाटा मुख्यतः कोंदणाचा, घडणीचा, धातूवरील खोदकामाचा आणि ठशांचा. तो वाटा लहान नाही. पण तो जेवढा आहे तेवढाच सांगावा. दुसऱ्याचे श्रेय घेणारा समाज स्वतःच्या कारागिरांचे श्रेय जपील, असा भरवसा कोणी धरावा?

या कलेची आजची स्थिती कशी आहे? खंबायतेच्या परिसरात अकीक घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांत दगडाची धूळ जाऊन सिलिकोसिस नावाचा असाध्य रोग होतो, हे वैद्यकीय पाहण्यांतून वारंवार सिद्ध झाले आहे. देव्हाऱ्यातील अकीकाच्या माळेमागे कोणाचा तरी श्वास खर्ची पडलेला असू शकतो, हे आपण विसरू नये. दगड ओला ठेवून काम करणे आणि धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविणे हे उपाय ज्ञात आहेत. ते अमलात येत नाहीत तेथे दोष कलेचा नव्हे, कारागिराचे मोल न ओळखणाऱ्या व्यवहाराचा आहे.

दुसरीकडे, आता हिऱ्याच्या कडेवर लेझर किरणांनी नुसत्या डोळ्यांस न दिसणारा क्रमांक क्षणात कोरता येतो. आपल्या सोन्याच्या दागिन्यांवरही १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांची खूण असल्याखेरीज विक्री करता येत नाही. ही व्यवस्था गिऱ्हाइकाच्या हिताची आहे आणि तिचे आम्ही स्वागत करतो. त्या खुणेवरून विक्रेत्याचा आणि तपासणी केंद्राचा पत्ता लागतो. दागिना घडविणाऱ्या हाताचा पत्ता मात्र तिच्यावरूनही लागत नाही. अहमदनगरच्या हिऱ्यापासून आजच्या बांगडीपर्यंत एवढी एक उणीव जशीच्या तशी राहिली आहे.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवितो.

पहिली सूचना अशी, की आपल्या घरी जुनी मुद्रेची अंगठी, कोरलेला खडा किंवा धातूचा शिक्का असेल तर तो मोडीत घालण्यापूर्वी त्याचे छायाचित्र व मेणावरील ठसा घ्यावा. मोडीच्या वेळी सोन्याचे वजन होते, आणि कोरलेला अकीक ‘रेघा पडलेला खडा’ म्हणून बहुधा बाजूस टाकला जातो. त्या रेघांत एखाद्या घराण्याचा सारा इतिहास असू शकतो. ज्यास तो ठेवणे शक्य नसेल त्याने एखाद्या वस्तुसंग्रहालयाकडे विचारणा करावी. वितळविण्याची घाई करू नये.

दुसरी सूचना अशी, की या वार्षिक अंकाची चार पाने दरवर्षी कारागिरांसाठी राखून ठेवावीत. आपल्या पेढ्यांच्या मालकांची छायाचित्रे अंकात येतात, ती येवोत. त्यांच्याबरोबर पटाशी, जडावाची हत्यारे, ठसे यांवर आयुष्य घालविलेल्या वृद्ध हातांचीही नावे, गावे, त्यांच्या हत्यारांचे शब्द आणि कामाची रीत छापली जावी. या हातांत बंगालहून आलेले आणि आपल्याच पेढ्यांत राबणारे कारागीरही येतात. त्यांना वगळून केलेली यादी अपुरी होय.

तिसरी सूचना विद्येच्या दाराविषयी आहे. पूर्वी हुन्नर घराबाहेर जाऊ नये म्हणून तो मुलाला सांगत, मुलीला सांगत नसत, आणि परक्याला तर नाहीच नाही. परिणाम असा झाला, की मुलगा नोकरीस गेला आणि हुन्नर बापाबरोबर चितेवर चढला. आज आपल्या मुली चित्रकला शाळांतून आणि रत्नशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून उत्तम शिक्षण घेत आहेत. ज्या घरात असा वृद्ध कारागीर आहे त्या घराने त्याच्या शेजारी एक चौरंग आणखी मांडावा, आणि त्यावर बसण्यास येणाऱ्यास तू कोणाचा, मुलगा की मुलगी, हे विचारू नये. हात स्थिर आहे की नाही, एवढेच पाहावे.

सोने पुनः पुन्हा वितळते आणि नवे रूप घेते. म्हणूनच आपल्या पूर्वजांचे पुष्कळसे काम आज अस्तित्वात नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. रत्न वितळत नाही. त्यावर एकदा ओढलेली रेघ शतकानुशतके राहते. माणसाचे नाव मात्र रत्नाप्रमाणे आपोआप टिकत नाही. ते कोणी तरी लिहून ठेवावे लागते. ते लिहिण्याचा आरंभ याच वर्षीच्या अंकापासून व्हावा, अशी मंडळास आमची विनंती आहे.